साक्षीदाराची ओळ

दिघेकाकांच्या खिशाला पेन नसे, कात्री असे. चष्म्याच्या काळ्या घरात, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेली, सहा इंची. शिंप्याची नव्हे, न्हाव्याची. बडोद्यातल्या मांडवीजवळचा एक धारवाला ती दर पंधरा दिवसांनी घासून द्यायचा आणि काका तिची परीक्षा स्वतःच्या मनगटावरच्या केसांवर घ्यायचे. या कात्रीने त्यांनी भाताच्या पानाखेरीज दुसरं काही कापलेलं मी कधी पाहिलं नाही.

एकदा आमच्या कंपनीच्या नव्या ग्रीनहाउसचं उद्घाटन होतं. पाहुणे आले, रिबन बांधून झाली, पेढ्यांचे खोके उघडले, आणि ऐन वेळी लक्षात आलं की तबकात कात्रीच नाही. डायरेक्टर शहासाहेब घामाघूम. कुणीतरी ओरडलं, "दिघेभाईंकडे आहे ने!" सगळ्यांच्या माना वळल्या. काका हात जोडून म्हणाले, "साहेब, ही रोगाची कात्री आहे. हिला शुभकार्य वर्ज्य." शेवटी शिपायाने शेजारच्या किराणावाल्याकडून सुरी आणली आणि पाहुण्यांनी दुधीभोपळा चिरावा तशी ती रिबन चिरली. शहासाहेब आठवडाभर काकांशी बोलले नाहीत. काकांना त्याचा काही वांधा नव्हता.

त्यांचं पूर्ण नाव मधुकर दिघे. पद फील्ड असिस्टंट, वय पन्नाशीच्या पुढे, राहायला दांडिया बाजारात, येणं-जाणं सायकलने. आधी काही वर्षं त्यांनी नंदेसरीला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. मी चोवीस वर्षांची, मायक्रोबायॉलॉजीची ताजी एम.एस्सी., मांजलपूरहून स्कूटीवर येणारी, आणि त्यांची वरिष्ठ. कंपनी म्हणजे फतेगंजमधला भाड्याचा बंगला, मागे ग्रीनहाउस आणि छाणीच्या पुढे थोडी जमीन. नव्वदीच्या मधली वर्षं होती. रोज कुणीतरी परदेशी भागीदार आणायचा आणि वर्तमानपत्रात फोटो यायचा. आमच्या साहेबांनाही बियाण्यांत तसं काहीतरी करायचं होतं.

काकांची एक गंमत होती. बंगल्याच्या फाटकाच्या आत मी 'मॅडम' आणि 'तुम्ही'. संध्याकाळी फाटकाबाहेर पाऊल पडलं की त्याच तोंडाने, "काय गं नीलिमा, आईचा गुडघा कसा आहे?" माझी आई आणि दिघेकाकू महिला मंडळात एकत्र होत्या. बडोद्यातल्या मराठी माणसांना एकमेकांपासून लपून राहण्याची सोय फारशी नाही. मी एकदा म्हटलं, "काका, आत पण नीलिमाच म्हणा ने." ते म्हणाले, "आत तू खुर्ची आहेस. खुर्चीला अगं-तुगं केलं की खुर्ची बिघडते." माझी खुर्ची पुढे बिघडायची ती बिघडलीच, पण त्यात त्यांच्या 'तुम्ही'चा काही दोष नव्हता.

काम काय होतं ते सांगते. भाताला कडा करपा नावाचा रोग होतो, गुजरातीत त्याला सुकारो म्हणतात. एक जंतू पानात शिरतो आणि पान टोकाकडून, कडेकडेने वाळत खाली येतं, पेंढ्याच्या रंगाचं होतं. फवारणीला हा रोग फारसा दाद देत नाही. झाडाच्या रक्तातच प्रतिकार हवा. तो काही जंगली आणि जुन्या भातांत असतो. त्यांच्याशी संकर करून तो चांगल्या वाणात आणायचा आणि पुढच्या पिढीतल्या शेकडो रोपांपैकी कुणात उतरला ते हुडकायचं. जनुक तपासायची यंत्रं तेव्हा आमच्याकडे नव्हती. आमच्याकडे दिघेकाका होते. जंतू कालवलेल्या पाण्यात ते कात्री बुडवायचे, पानाचं टोक उडवायचे, पुन्हा बुडवायचे. एक ओळ संपली की स्पिरिट आणि ज्योत. मग चौदा दिवस थांबायचं आणि कापल्या जागेपासून डाग किती उतरला ते पट्टीने मोजायचं. दोन-तीन सेंटिमीटरवर अडला तर रोप दमदार, वीतभर गेला तर दुबळं.

अनुवंशाचं शास्त्र त्यांनी पुस्तकातून घेतलं नव्हतं, पण त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं सांगता यायचं. प्रतिकाराची काही जनुकं एका पालकाकडून आली तरी काम करतात, काहींना दोन्हीकडून यावं लागतं. काका म्हणायचे, "काही गुण एकेरी चालतात, काही दुहेरीच." आणि वर, "मॅडम, तुमचा हट्ट एकेरी आहे. वडील किती गरीब माणूस! सगळा आईंकडून आलाय."

प्रत्येक वाफ्यात एक ओळ मुद्दाम दुबळ्या वाणाची लावायची असते, ज्याला रोग हमखास होतो. ती करपली तरच बाकीच्या रोपांचं निरोगी राहणं खरं मानायचं. तीच नाही करपली तर जंतूतच दम नव्हता, सगळी परीक्षा फुकट. कागदावर आम्ही तिला 'कंट्रोल' लिहायचो. काका साक्षीदार म्हणायचे. त्यांचे आजोबा संस्थानच्या न्यायकचेरीत शिरस्तेदार, वडील त्याच कचेरीत कारकून. घरात तीच भाषा मुरलेली. "साक्षीदार बोलल्याशिवाय निकाल नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. मोजणीच्या दिवशी ते आधी त्या ओळीपाशी जाऊन उभे राहायचे आणि पिवळी पडलेली पानं बघून खूश व्हायचे. रोग बघून इतका आनंद होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जंतूचंही त्यांचं एक तंत्र होतं. जंतू आम्ही बाटलीत साखरेच्या खळीवर वाढवायचो. पिढ्यान्‌पिढ्या तसाच वाढवला की तो दिसायला तोच राहतो, पण झाडाला पाडायची त्याची ताकद जाते. म्हणून दर हंगामाआधी तो जिवंत रोपावर सोडायचा, रोप आजारी पाडायचं आणि त्या आजारी पानातून पुन्हा वेगळा काढायचा. महिनाभराचं किचकट काम, आणि ते माझं होतं. "बाटलीत आयतं गोड खाऊन तो सुस्तावतो, मॅडम. चावायचं विसरतो. त्याला वर्षातून एकदा तरी भात खाऊ घाला," काका आठवण करायचे.

तिसऱ्या वर्षी मी तो खाऊ घातला नाही.

कारण सांगायची मला लाज वाटते, कारण ते इतकं साधं आहे. परदेशी कंपनीशी बोलणी चालली होती. करार झाला तर आमच्यातल्या एकाला सहा महिने परदेशी प्रशिक्षणाला पाठवणार होते आणि ती एक मीच, असं मी मनात मांडून टाकलं होतं. पासपोर्ट, मुलाखतीची तयारी, इंग्रजीचे क्लास यांत तो महिना गेला. पेरणी झाली, रोपं वाढली, कात्रीचा दिवस आला. मी फ्रिजमधली जुनी बाटली काढली. काकांनी लेबलावरची तारीख वाचली. "ही गेल्या साली भात जेवलेली," ते म्हणाले. मी म्हटलं, "चालेल हो काका, फ्रिजमध्येच तर होती." ते कामाला लागले. खुर्चीने सांगितलं होतं.

चौदाव्या दिवशी ते मोजत होते, मी लिहीत होते. "अडीच. दोन. तीन. अडीच." आमचा लाडका संकर, ज्यावर साहेबांची सगळी भिस्त, तो ओळीमागून ओळ उत्तम. मी हवेत. त्या दिवशी ऊन चुकवायला म्हणून कडेपासून सुरुवात केली होती, त्यामुळे साक्षीदाराची ओळ शेवटी आली. काका वाकले. "तीन." थांबले. दुसरं पान धरलं. "साडेतीन." तिसरं. मग पट्टी काखेत धरून सरळ उभे राहिले.

"मॅडम, साक्षीदार फितूर झालाय."

"ऊन कडक पडलंय ना काका, त्यामुळे असेल."

"उन्हाने नाही. जंतू चावलाच नाही. हे सगळं," त्यांनी पट्टीने पूर्ण वाफा दाखवला, "हे सगळं खोटं आहे. परत करायला पाहिजे. दीड महिना लागेल, पण खरं तरी कळेल."

परदेशी पाहुणे दहा दिवसांवर आले होते. मला सगळं कळलं होतं. कळलं नसतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती. दुसऱ्या दिवसापासून काका दोन दिवस रजेवर होते, मुलीच्या सासरी काहीतरी कार्य होतं. त्या दोन दिवसांत मी तक्ता टाइप केला. साक्षीदाराच्या रकान्यात गेल्या वर्षीचे आकडे घातले, एकोणीस, एकवीस, अठरा. आकडे खोटे नाहीत, फक्त या वर्षीचे नाहीत, असं मी स्वतःला बजावलं. माणूस स्वतःला किती स्वस्तात विकत घेतो! खाली मोजणाऱ्याची आणि शास्त्रज्ञाची सही लागायची. माझी मी केली. मोजणाऱ्याच्या जागी 'म. दिघे' तेही मीच लिहिलं. तीन वर्षं शेजारी सही बघत होते, हुबेहूब जमली.

परतल्यावर त्यांनी फायलीतली प्रत पाहिली असावी. माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "साक्षीदार बरा झाला वाटतं."

मी म्हटलं, "काका, पुढच्या हंगामात परत करूच ने. आत्ता नुसतं दाखवायचंय."

"दाखवायचा आणि पेरायचा कागद एकच असतो, मॅडम."

मग त्यांनी मला साहेबांना जाऊन सांगायला सांगितलं. मी विचारलं, "तुम्ही सांगणार का?" ते म्हणाले, "नाही. कबुली ज्याची त्याने द्यायची. दुसऱ्याने दिली की ती चहाडी होते. तुम्ही सांगाल, मला खातरी आहे." मी हो म्हटलं. खरंच सांगणार होते, उद्या. करार झाला, पेढे वाटले, माझी निवड झाली, आणि तो उद्या विमानात बसून गेला.

तिकडे असताना त्यांचं एक पत्र आलं. निळं विमानी पत्र, त्यावर त्यांचं सुबक अक्षर. क्षेमकुशल, आईंची भेट झाली, तब्येत बरी आहे, आणि शेवटी: "बियाणं वाढवायला घेतलं आहे. जूनमध्ये शेतकऱ्यांना देणार असं ऐकतो. आपण साहेबांना ते कळवलंत का?" मी उत्तरात तिथल्या थंडीचं वर्णन लिहिलं.

त्यांनी तेव्हा बोलायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. तत्त्व सांभाळताना त्यांनी शेतं जाऊ दिली, एवढा एक दोष मी त्यांना देते. मला तो द्यायचा अधिकार नाही हे ठाऊक असूनही देते.

बियाणं डभोई आणि पादरा भागातल्या काही शेतकऱ्यांना चाचणी म्हणून दिलं गेलं. मी परत आले तेव्हा शेतं हिरवीगार होती. भादव्यात वाऱ्यासकट पाऊस झाला आणि पंधरा दिवसांत पानं पेंढा झाली. आम्ही पाहायला गेलो तर कनुभाई नावाचे एक शेतकरी बांधावर उभे होते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक पान तोडून माझ्या हातात दिलं आणि, याला सुकारो येणार नाही असं कंपनीने सांगितलं होतं त्याची आठवण देत, विचारलं, "बेन, तमे कहेता'ता ने, आने सुकारो नहीं आवे?" काकांनी ते पान माझ्या हातातून काढून घेतलं, पिशवीत घातलं आणि कनुभाईंना म्हणाले, "भूल अमारी छे, भाई." त्याच पानातला जंतू काढून त्यांनी आमच्या लाडक्या संकरावर कात्री चालवली. चौदाव्या दिवशी डाग वीतभर उतरला होता. त्याच्यात प्रतिकार कधी नव्हताच.

मग चौकशी. शहासाहेब, परदेशी कंपनीचा एक माणूस, मी आणि काका. टेबलावर माझा तक्ता. मूळ आकड्यांची कच्ची वही माझ्या पर्समध्ये होती. ती मी घरून मुद्दाम आणली होती, सांगून टाकायचं असं ठरवून. शहासाहेबांनी तक्ता काकांपुढे सरकवला.

"दिघेभाई, हे माप तुमचं? ही सही तुमची?"

काकांनी चष्मा लावला. सही बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती वाट पाहणं होतं. अजून पाहत होते! मी पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. परदेशी माणसाने घड्याळ पाहिलं.

"नाव माझंच आहे, साहेब," काका म्हणाले. "आणि चूक वेळेवर सांगितली नाही, हा दोषही माझाच."

साहेबांनी मग माझ्याकडे वळून सहानुभूतीने म्हटलं, की एवढ्या विश्वासाने जुन्या माणसावर काम सोपवलं, त्यात तुमचा काय दोष. मी मान हलवली. त्या मान हलवण्याची जितकी लाज वाटते तितकी त्या खोट्या सहीचीही वाटत नाही.

काकांना राजीनामा द्यायला सांगितलं. शेवटच्या दिवशी मी त्यांच्या मागे मागे फाटकाबाहेर गेले. सायकलचं कुलूप काढताना ते म्हणाले, "येतो मॅडम. नव्या मुलाला कात्री धरायला नीट शिकवा तुम्ही." आम्ही फाटकाच्या बाहेर उभे होतो. मी "काका" एवढंच म्हटलं. ते सायकलवर बसून निघून गेले.

पुढे ते रावपुऱ्यात एका होमिओपॅथी डॉक्टरांकडे पुड्या बांधायला बसायचे. दोनदा मला स्कूटीवरून दिसले. दोन्ही वेळा मी गल्ली बदलली. मला बढती मिळाली, लग्न झालं, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं कुणी नुसतं 'दिघे' म्हटलं तरी दचकायची सवय लागली.

एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून आई आली आणि म्हणाली, "दिघेबाई भेटल्या होत्या. अगं, त्यांच्या यजमानांनी घरी कबूल केलं म्हणे, की माझ्याच हातून निष्काळजीपणा झाला. आणि तू त्यांना किती सांभाळून घेतलंस तेही सांगितलं." मी ताटातली भाकरी मोडत राहिले. काकांनी घरी खरं सांगितलं असतं तर काकू दुसऱ्या दिवशी आमच्या दारात उभ्या राहिल्या असत्या आणि चार दिवसांत बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरात माझं नाव खराब झालं असतं. ते त्यांनी होऊ दिलं नाही. माझं नाव राहावं म्हणून त्यांनी स्वतःच्या घरातलं नाव घालवलं. हे कळल्यावर तरी मी जायला हवं होतं. गेले नाही.

नोकरी गेल्यानंतर आठ वर्षांनी ते गेले. झोपेत, हृदयविकाराने. पाचव्या दिवशी मी दांडिया बाजारात भेटायला गेले. काकू सतरंजीवर बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी हात धरला, शेजारी बसवून घेतलं.

"बरं झालं आलीस. तुझ्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही हो त्यांनी. मीच आपली बोलत बसायची. दूध उतू गेलं की म्हणायची, तुमचं असंच, लक्ष नाही, म्हणून तर नोकरी गेली. जावयांच्या देखत म्हणायची. ते नुसते हं करायचे." त्यांनी पदराने डोळे टिपले. "तू त्या वेळी त्यांना सांभाळून घेतलंस. तुझे उपकार आहेत बाई आमच्यावर."

तेव्हा माझ्याच्याने राहवेना. मी सांगितलं. जुन्या बाटलीपासून सहीपर्यंत, चौकशीतल्या मान हलवण्यापर्यंत, काही न वगळता. माझं संपलं तेव्हा त्या खाली सतरंजीकडे बघत होत्या. माझा हात त्यांनी कधी सोडला ते मला कळलं नव्हतं.

"म्हणजे त्यांची चूक नव्हती," त्या म्हणाल्या.

"नाही काकू."

"आणि मी आठ वर्षं बोलत होते."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला अडवलं नाही, आशीर्वादही दिला नाही. मग त्या म्हणाल्या, "तू निदान माझ्याकडे तरी आलीस. आता मी कुणाकडे जाऊ, सांग."